काच दिसता कामा नाय

नंदू गेला, हे वाक्य मला अजून धड लिहिता येत नाही. त्या दुपारी पेणच्या माझ्या साड्यांच्या दुकानाचं जुनं शटर काढून टाकलेलं, पुढे नुसती ताडपत्री, आणि मी नंदूच्या नावाने बोटं मोडत बसलेलो. कारण सकाळी काचा लावायला येतो म्हणाला आणि पत्ताच नाही. फोनवर त्याचं नाव दिसलं तशी मी सुरुवातच केली, ‘‘अरे गाढवा, आहेस कुठे?’’ पलीकडे त्याची बायको वैशाली होती. ‘‘दादा, हे गेले...’’ मी विचारलं, कुठे गेले? खरंच विचारलं! रोह्याच्या वर्कशॉपमध्ये काच पुसता पुसता खाली बसला, तो उठलाच नाही. आदल्या संध्याकाळी माझ्यासमोर वडापाव हाणून गेलेला धडधाकट माणूस. असं कुणी जातं का? काही आठवडे उलटले, तरी डोकं सुन्नच आहे.

नंदू माझा शाळेपासूनचा दोस्त. दुकानांच्या पुढच्या बाजूला काचेच्या भिंती बसवायचा, डिझाइन स्वतः काढायचा. पहिली भिंत त्याने रोह्यात एका कापडदुकानाला लावली. चकचकीत काच, मधोमध दार. मालक खूश, नंदू खूश. आणि गावांतून आलेल्या बाया काचेपुढे चपला काढून उभ्या! मळक्या पायांनी आत जावं की नाही... काहीजणी तशाच मागे फिरल्या. दुसरा कुणी हसून विसरला असता. हा बाबा समोरच्या टपरीवर दिवसभर बघत बसला. संध्याकाळी मला म्हणाला, ‘‘मी दार नाय केलं रे, माणसं अडवली.’’

तेव्हापासून त्याने एकच धोशा लावला, काच दिसता कामा नाय. मला काच हवी होती ती डोलवीच्या कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रकांची धूळ साड्यांवर बसते म्हणून. पण माझं गिऱ्हाईक म्हणजे खाडीकडच्या बाया. त्याच बिचकल्या तर दुकान बसलंच. नंदूने माझ्यासाठी सगळ्या काचा वरच्या रुळाला टांगायचं ठरवलं. खाली उंबऱ्यात पट्टीसुद्धा नाही. ढकलल्या की एकामागे एक खांबाआड जाऊन उभ्या राहणार, दुकान रस्त्याला मोकळं. धूळ उडाली की ओढून घ्यायच्या. ‘‘अरे, माझ्या शोकेसची जागा जाते!’’ मी भांडलो. ‘‘जाऊ दे. तुझे ते पुतळे काय साड्या इकत घेनार हायत?’’

तो गेल्यावर जो तो सांगू लागला, साधी फिक्स काच लाव आणि मोकळा हो. ताडपत्रीमागे बसून बसून मलाही ते पटायला लागलं होतं. तेराव्यानंतर वैशाली टेम्पोतून काचा घेऊन हजर. ‘‘दादा, ह्यांनी काढलंय तसंच लागंल. नायतर परत नेते.’’ माझी काय बिशाद! कारागिरांच्या डोक्यावर उभं राहून तिने काम करून घेतलं. शेवटी मी हलकेच ढकललं आणि काचा आवाज न करता खांबाआड गेल्या.

इतक्यात मिठागराकडची एक म्हातारी चपलांसकट सरळ काउंटरपर्यंत आली. मागे वळून बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. ‘‘काच लावनार व्हतास ना रं? कुठं हाय?’’

मला असं हसू फुटलं म्हणता! याच्यासाठीच तर मेला इतकी वर्षं खपला होता. ‘‘नंद्या, ऐकलंस का?’’ म्हणत मी मागे वळलो.

मागे वैशाली उभी होती.