खुशालरावांच्या विहिरीतली झिरमांजर

जानराव भित्रा होता. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं आणि खुद्द जानरावालाही ते मान्य होतं. साप दिसला की तो झाडावर चढायचा, शिपाई दिसला की ज्वारीत शिरायचा, आणि सासरा येताना दिसला की बैलांवर उगाच ओरडत बसायचा. तेल्हाऱ्याकडच्या एका गावात खुशालराव पाटलांच्या विहिरीवर तो वर्षानुवर्षं मोट हाकत आला होता. माणसं त्याची टर उडवत, पण पाण्याला येत ती त्याच्याच विहिरीवर. गोडं पाणी गावात दुसरीकडे नव्हतंच.

पूर्णेच्या खोऱ्यात कुठेही खणा, पाणी खारंच लागतं. ज्या विहिरीत झिरमांजर राहते तेवढ्याच विहिरीचं पाणी गोडं. ही झिरमांजर खाली झऱ्याच्या तोंडाशी, कपारीत बसते. मांजरीएवढीच, रंगानं करडी, आणि तिचं कातडं कधी वाळत नाही. भर वैशाखात दगडावर पडलं तरी ओलं ते ओलंच. ती आहे तोवर झरा गोडा. ती गेली की रातोरात पाणी फिरतं, खारं होतं.

तिला सांभाळायची एक रीत होती. मोट म्हणजे चामड्याची, तोंडाला जाड लोखंडी कडं असलेली. बैल मागे सरले की ती धाडकन खाली सुटते आणि खाली सापडेल त्याचा चेंदामेंदा करते. म्हणून मोट सोडण्याआधी मोटकऱ्यानं विहिरीत वाकून हाक द्यायची, "सरक वं माय, मोट येते." मग पाण्यावर एक तरंग उठे. बाई कपारीत गेल्या, असं समजायचं आणि बैल मागे घ्यायचे. हाक रोजच्या माणसाचीच लागे, परक्याच्या आवाजाला ती भीक घालत नसे. जानराव तापानं फणफणलेला असला तरी विहिरीवर यायचा तो या हाकेपायी.

पुढे सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई पेटली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. अकोल्याच्या बाजारात गाडी वळवायला जागा उरली नाही. लोकांनी ओसरीत कापूस भरला, माजघरात भरला, देवांना कोनाड्यात सरकवून देवघरातही भरला. कापूस आला की आगीची धास्ती आलीच. त्यात कुणी अक्कलवंतानं शोध लावला की झिरमांजरीचं कातडं वखारीच्या दारावर ठोकलं म्हणजे आत ठिणगीसुद्धा धरत नाही. झालं! विहिरींमागे शिकारी लागले. सरकारनं दवंडी पिटली की झिरमांजर मारील त्याला कैद होईल, आणि दवंडीनं कातड्याचा भाव तेवढा चढला.

शिकाऱ्यांची युक्ती सोपी होती. विहिरीपाशी बसायचं, मोटकऱ्याची हाक ऐकायची, तरंग उठला की जाळं टाकायचं. शेजारच्या गावची विहीर अशीच फिरली. तिथल्या बाया आता घागरी घेऊन इकडे येऊ लागल्या.

जानरावाची झोप उडाली ती तेव्हापासून. "मले अन्न जात नाई वं," तो बायकोला, मनकर्णेला म्हणायचा. "तिले कोनी नेलं त मी काय करू?"

"तुमी आपलं काम करा," ती म्हणे. "भेऊन काय व्हते?"

एका दुपारी विहिरीपाशी गाडी थांबली. अकोल्याच्या बाजारातला रामराव दलाल खाली उतरला, बरोबर दोन धटिंगण. गाडीतल्या घोंगडीखालून जाळ्याचं टोक लोंबत होतं. जानरावाला ते दिसलं आणि त्याची पाचावर धारण बसली.

रामराव ओंजळीनं पाणी प्याला, मिशा पुसल्या. "गोड हाय गा पानी. काहून इतलं गोड हाय?"

"देवाची कुर्पा जी."

"मंग थांबला काहून? हाक ना मोट." असं म्हणून तो विहिरीच्या काठावर बसला आणि खाली पाण्याकडे टक लावून पाहू लागला.

हाक दिली तर तरंग उठणार, आणि तरंग उठला की जाळं पडणार. मोट हाकलीच नाही तर विहिरीत ती आहे हे रामरावाला वेगळं सांगायला नको. काय करावं? ती शहाणी आहे, त्यानं स्वतःच्या मनाची समजूत घातली. चाकाची करकर ऐकेल, आपण होऊन सरकेल. हाक द्यायची म्हटली असती तरी आवाज फुटला नसता. त्यानं बैल मागे घेतले आणि मोट मुकाट सोडली.

खाली नुसतं पाणी उसळलं. जानरावाच्या जिवात जीव आला. मोट वर आली, रिकामी झाली. त्यानं ती पुन्हा सोडली, पुन्हा पाणीच उसळलं. रामराव जागचा हलला नाही. जानरावानं मनातल्या मनात देवाचा धावा केला आणि मोट आणखी एकदा सोडली.

या खेपेला आवाज बोदा आला. मोटेच्या नाड्यातून एक हिसका त्याच्या हाताशी पोचला, बारीकसा. त्याला कळलं. तत्क्षणीच कळलं. तरी तो बैल हाकत राहिला, कारण रामराव बघत होता.

रामराव काही वेळानं वैतागून उठला. "खाली हाय इहीर, आत कायी नाई," तो आपल्या माणसांना म्हणाला, आणि गाडी निघून गेली.

मग जानरावानं विहिरीत वाकून हाक दिली. कितीदा तरी दिली. शेवटी तो पायऱ्या उतरून पाण्यात शिरला. ती कपारीच्या आत, वरून न दिसेल अशी तरंगत होती, मान मोडलेली. त्यानं तिला छातीशी धरलं आणि तिथेच गुडघाभर पाण्यात हंबरडा फोडला. दिवस बुडायच्या आत त्यानं तिला पटक्यात गुंडाळून कुठेतरी पुरलं. रामरावापासून वाचवली होती ना, मग आता तरी ती कुणाच्या हाती लागू द्यायची नव्हती.

सकाळी पहिल्या बाईनं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. गावभर आरडाओरडा झाला. काल दलालाची गाडी विहिरीपाशी कुणीतरी पाहिली होती. पोरं तेल्हाऱ्याच्या वाटेनं धावली आणि तिकडे मुक्कामाला असलेल्या रामरावाला जाळ्यासकट चावडीवर ओढून आणलं. मग काठ्या पडू लागल्या. तो ओरडत होता, "म्या नाई मारली! आईची आन!"

जानरावाकडे कुणी पाहतही नव्हतं. गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण भित्र्या माणसाला दुसऱ्याचा मारही पाहवत नाही. तो खांबाला धरून उभा राहिला.

"त्यानं नाई मारली. मीनं मारली. हाक न देता मोट सोडली. मले भेव लागलं होतं, बाप्पा."

काठ्या थांबल्या. खुशालराव पाटील जागचे उठले. एक म्हातारी डोक्याला हात लावून मटकन खाली बसली. रामरावानं फुटलेला ओठ पुसला आणि विचारलं, "मंग कातडं कुठं हाय?"

या प्रश्नाबद्दल त्याला कुणीही मारलं नाही. सगळे जानरावाकडे पाहू लागले. खुशालरावांच्या घरात कापूस आढ्याला टेकला होता. ते जवळ आले, जानरावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि गोड आवाजात म्हणाले, "झालं ते झालं गा, जानराव. आता ते वाया काहून घालवतं? सांग, कुठं ठेवलं?"

पाटलांनी त्याला जन्मभर शिव्या घातल्या होत्या; शिव्यांची त्याला सवय होती. या आवाजाची मात्र त्याला इतकी भीती वाटली की डोळ्यापुढे अंधारी आली. तरी तो म्हणाला, "नाई सांगत."

त्याचं काम गेलं. लोकांनी शेतांचे धुरे खणले, विहिरीभोवती खणलं, त्याच्या घराची जमीनही उकरली. तो पुढे बरीच वर्षं जगला, परक्याच्या शेतात राबला, खारं पाणी प्याला, आणि दारावर थाप पडली की लहान पोरासारखा मनकर्णेच्या मागे लपत राहिला. शेवटच्या दुखण्यात मनकर्णेनं त्याच्या कानाशी वाकून विचारलं, "मले तं सांगा. कुठं पुरली?"

त्यानं डोळे उघडले. त्या दिवशी चावडीवर पाटलांकडे पाहिलं होतं तसंच तिच्याकडे पाहिलं, थरथरला, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.