भावाचा डावा हात अन् दोन काये डबे

शाळेनं मले दुसरीतच सोडलं. घरचे सांगत का पोरानं शाळा सोडली, पन खरी गोठ उलटी हाय. गुर्जी म्हनले होते, याच्या जागी बकरू बसवलं तं हजेरीले निदान आवाज तं देईन. मंग मी बैलबाजारात लागलो. माया धंदा एकच, जोड लावून द्याचा. कोनाचा एक बैल मेला, एक राह्यला, तं राह्यलेल्याच्या मापाचा दुसरा पाहून द्याचा. उंची पाहाची, शिंगं पाहाची, रंग पाहाचा, खांदा आंगठ्यानं दाबून पाहाचा. इतकं सारं पाहून बी मी एका पाटलाले असा जोड लावून देल्ला होता का एक बैल चाले अन् दुसरा बसे. थो पाटील अजून मले पाह्यलं का रस्ता बदलत नाई, चप्पल काढते.

आता बाजारात बैलच कमी झाले. म्हनून मी रिकामा होतो, अन् मी रिकामा असलो का घरात कोनाचं तरी नुसकान होते. या खेपेले माया मोठ्या भावाचं झालं.

माया भाऊ गायन पार्टीत ढोलकी वाजवे. दारव्ह्यापासून पांढरकवड्यापर्यंत जयंतीच्या दिवसात त्याले घरी जेवाले टाइम नसे. लोक गानाऱ्याचं नाव घेत, पन पार्टीतले म्हनत का गानं भाऊच्या डाव्या हातावर उभं राह्यते. उजव्या हातानं तं कोनी बी टिकटिक करते. डाव्या हाताची जे घुम होती ना त्याची, थे पोटात लागे. मले ताल समजत नाई. एकदा पार्टीत मले झांजा देल्ल्या होत्या, दुसऱ्याच कडव्यात काढून घेतल्या. पन थे घुम मले बी समजे.

गेल्या साली तुरी सोंगाच्या दिवसात भाऊले लकवा मारला. डावी बाजू गेली. पाय थोडाक आला, काठी घेऊन मोरीपर्यंत जाते. हात नाई आला. यवतमायच्या डाक्टरनं रबरी चेंडू देल्ला, म्हने रोज दाबा, हात याचा असन तं पयल्या सात-आठ मयन्यातच येते, मंग येत नाई. भाऊनं चेंडू खाटेखाली टाकला.

"दाब ना गा भाऊ," मी म्हनलो.

"कायले? भाकर उजव्या हातानं खातो मी."

पन एक गोठ होती. वयनीनं दोन-तीन वर्साआधी विहारातल्या कार्यक्रमात आपल्या बटनाच्या मोबाईलवर पार्टीचं गानं भरून घेतलं होतं. बाया बसल्या होत्या तिथूनच, पदराखाली मोबाईल धरून. भाऊ रोज जेवल्यावर थो मोबाईल छातीवर ठेवे अन् डोये मिटून गानं ऐके. मुंडी हालवे. अन् वयनीनं एक दिवस मले खुनेनं बलावलं, दाखवलं. गानं चालू असलं का त्याच्या डाव्या हाताचं एक बोट हाले. लय नाई. मुंगी चावल्यावर हालते तेवढं. पन तालावर हाले, असं वयनी म्हने. आमी दोघं दारात उभे राहून पाहून राह्यलो होतो. वयनीनं माया हात असा दाबला का मले वाटलं, चेंडू दाबाची गरज हिले तं नाईच.

इथंच मी थांबाले पाह्यजे होतं.

आमच्या घरी दोन मोठे स्पीकर होते. गावातल्या बँकेचे सायेब बदली होऊन गेले तवा भाऊले देऊन गेले, संगं आवाज वाढवाची मशीन बी. लाकडाचे, छातीएवढे, कपाटासारखे. वयनी त्याच्यावर घडीचे कपडे ठेवे. मी म्हनलो, मोबाईलवर एवढंसं ऐकून एक बोट हालते, तं या कपाटातून ऐकलं तं अख्खा हात हालन का नाई? वायर लावली. गानं सुरू केलं. गानाऱ्याचा गया साफ. झांज अशी का दात आंबावे. ढोलकीची टिकटिक बी आली. भाऊनं डोये उघडले.

"लहान्या, डावा हात कुठं हाय बे?"

मी येड्यावानी त्याच्या हाताकडं पाह्यलं.

"थो नाई रे बयताडा. गान्यातला."

गान्यातला डावा हात येतच नव्हता. भाऊचं तोंड उतरलं. मी म्हनलो, भाऊ, फिकर नको करू, या स्पीकरले खालचा आवाज कमी हाय, याले जोड पाह्यजे. कारन मी दारव्ह्याच्या काया-पिवया जीपीत बसून बसून शिकलो होतो. त्या जीपीत मांगच्या शिटाखाली एक डबा असते, सबवूफर म्हनतात त्याले. त्याच्यावर बसलं का गानं ढुंगनातून ऐकू येते. मले वाटलं, आता आपल्याले सारं समजलं.

बाजाराच्या दिवशी दारव्ह्याले गेलो. तिथं एक मिस्त्री हाय, मशीना दुरुस्त करते अन् जुने-नवे डबे विकते. मी खिशातून सुतळी काढली. स्पीकरची उंची अन् रुंदी सुतळीले गाठी मारून मोजून आनली होती.

"काका, हे काय?"

"माप. याच्या जोडीचे सबवूफर दाखव. रंग काया पाह्यजे."

मिस्त्री माया तोंडाकडं पाहे, सुतळीकडं पाहे. "काका, सबवूफर उंचीनं नाई घेत. एवढे मोठे स्पीकर असन तं त्यायचाच आवाज बराच खालपर्यंत जाते. जिथं स्पीकर थांबते, तिथून पुढं सबवूफरनं उचलाचं. खोली केवढी हाय? वाजवता काय तुमी?"

"ढोलकी."

"आनलं काय गानं? इथं लावून पाहू."

मोबाईल घरी होता, भाऊच्या छातीवर. मी म्हनलो, "गानं काय पाहाचं त्यात? तू जोड दाखव." बाजारात बैल पाहाले आलेल्याले कोनी इचारते काय का तुया वावरात काय पेरलं?

त्यानं चार डबे दाखवले. एक लहान होता, चौकोनी, कोपऱ्यात. म्हने तुमच्या खोलीले हा एकच पुरते. मी त्याच्याकडं पाह्यलंच नाई, थो वासरावानी दिसे. मले दोन काये दिसले, सारखे, माया गाठीच्या मापात बसनारे. मी बोटानं ठोकून पाह्यले. मंग समोरचा गोल पडदा आंगठ्यानं दाबून पाह्यला, खांदा दाबतात तसा. एकाच्या मधातली टोपी आत गेली अन् बाहेर आलीच नाई.

"ओ काका! बैल हाय काय थो!"

आता खोच पाडल्यावर घ्याच लागते. दोन्ही घेतले. जीपीच्या टपावर बांधून आनले, अन् मी बी टपावरच बसलो त्यायले धरून, जसा काही नवरदेव आनून राह्यलो.

घरी लावले. मांगं तीन बटनं होती, कायचं कोनतं थे वाचता येत नाई, म्हनून तिन्ही पुरी फिरवली. गानं सुरू केलं. टिनं थरथरली. मांडनीवरचे भांडे-गंज चालत चालत कडेले आले. भिंतीवरची पाल खाली पडली. गानारा असा वाजे का कोनी त्याले कोठीत कोंडून वरून झाकन लावलं.

"दारात ट्रॅक्टर आला काय पाह्य," भाऊ म्हने.

"डावा हात आला काय?"

"डावा हात? मायी उजवी बाजू बी जाते आता. बंद कर."

वयनी गंज उचलत म्हने, "भाऊजी, तुमाले कोनी सांगतलं होतं?" मी म्हनलो, कोनीच नाई. हे एकच खरं बोललो मी त्या दिवशी.

पुढच्या आठोड्यात मी मिस्त्रीले हातापाया पडून घरी आनलं. त्यानं पयले एक डबा, टोपी दबलेला, वायर काढून बाजूले ठेवला. म्हने एकच लय झाला. मंग म्हने, डब्याची जागा शोधा लागते. भाऊले खुर्चीवर बसवलं अन् डबा उचलून भाऊच्या खाटेवर, त्याच्या उशीच्या जागी ठेवला. आपल्या मोबाईलवरून ढोलकीचं एक गानं लावलं. अन् मले म्हने, "काका, आता तुमी चार पायावर या. कान खाली ठेवून भिंतीभिंतीनं फिरा. जिथं घुम साफ ऐकू येईन तिथं थांबा. मंग डबा तिथं ठेवला का खाटेवर तसाच ऐकू येते."

मले वाटलं मजाक करून राह्यला. पन त्याचं तोंड सरय होतं. मी धोतर खोचलं अन् रांगाले लागलो. कोठीजवय घुम्म घुम्म, दारापाशी काहीच नाई, कोपऱ्यात लयच. मी मांडनीखाली घुसलो, डोक्यावर पेला पडला. अन् मांगून आवाज आला. भाऊ हासून राह्यला होता. लकवा मारल्यापासून पयल्यांदा. अर्ध्या तोंडानं, पन हासे असा का खुर्ची हाले.

"मिस्त्री, वखराले जुपून पाह्य याले. एकटाच ओढते."

"याले जोड कुठून आनाचा भाऊ?"

"जोड नाई भेटत त्याले. दोनदा पोरी पाह्यल्या."

वयनी पदर तोंडाले लावून हासे. मी बी मंग जरा जास्तच रांगलो. सांगतो ना, माया जिंदगीतला थो सगळ्यात चांगला टाइम असन, अन् मी त्यात चार पायावर होतो.

कोठी अन् दाराच्या मधात जागा सापडली. मिस्त्रीनं डबा तिथं ठेवला, तिन्ही बटनं थोडी थोडी फिरवली, भाऊले खाटेवर बसवलं. म्हने, डबा वाजते हे समजलं नाई पाह्यजे, स्पीकरच पुरे वाजून राह्यले असं वाटलं पाह्यजे. मंग तेच ढोलकीचं गानं पुन्हा लावलं. अन् बाप्पा! खोली भरून गेली. घुम पोटात आली, गंज मातर जागचे हालले नाई. भाऊनं डोये मिटले. "कोन हाय बे हा? डावा मस्त हाय याचा." अन् वयनीनं मले कोपर मारलं. त्याची दोन बोटं हालत होती. दोन. मी मोजली, मले दोनपर्यंत येते.

"आता माया लाव," भाऊ म्हने.

वयनीचा मोबाईल लावला. गया आला, झांज आली, टिकटिक आली. आमी सगळे थांबलो. काही नाई. मिस्त्रीनं एक बटन फिरवलं. मंग दुसरं. मंग खाली बसून डब्याच्या पडद्यावर अलगद हात ठेवला, माया आंगठ्यासारखा नाई. बराच येळ ठेवला. पडदा हालतच नव्हता.

"काका," मले म्हने, हळूच, "यात नाईच थे."

"मोठा आनू काय?"

"खोलीएवढा आनला तरी नाई येत. या बटनाच्या मोबाईलचा माइक बोलासाठी असते. मानसाचा आवाज धरते, खालचा धरतच नाई. डावा हात त्यात भरल्याच गेला नाई कवा."

त्यानं हळू सांगतलं, पन खोली बारा फुटाची.

भाऊ म्हने, "पन मी रोज ऐकतो ना. मोबाईलवर. साफ ऐकतो."

मिस्त्रीनं माया तोंडाकडं पाह्यलं. मी त्याले डोया मारला, खोटं बोल म्हनून. पन थो कारागीर मानूस, त्याले इशारा समजला नाई. "थे तुमच्या डोक्यातलं होतं भाऊ. तुमीच वाजवलं, तुमाले याद हाय. टिकटिक ऐकली का बाकीचं तुमचं डोकं भरून घेत होतं."

 मिस्त्रीनं चहा बी घेतला नाई.

दुसऱ्या दिवशी जेवल्यावर भाऊनं मोबाईल छातीवर ठेवला. आमी दारात उभे. गानं अर्ध्यात आलं अन् त्यानं बंद केलं. पुन्हा लावलं, पुन्हा बंद. "नाई येत," म्हने. बोट बी हाललं नाई. आठ दिवस त्यानं असंच केलं. एकदा माहीत पडल्यावर मंग डोकं भरून घेत नाई. मी पयल्या दिवशी मोबाईल घेऊन दुकानात गेलो असतो, तं मिस्त्रीनं तिथंच सांगतलं असतं, मी रिकाम्या हातानं आलो असतो, दोन शिव्या खाल्ल्या असत्या, अन् भाऊ आज बी ऐकत असता. पार्टीतल्या सगळ्यायले इचारून पाह्यलं मी, दुसरं कोनाजवय भरलेलं गानं हाय काय. नाई म्हनले. कोनाले वाटलं होतं का भरून ठेवा लागन?

मिस्त्रीकडून थे ढोलकीचं गानं भरून आनतो, थे तरी ऐक म्हनलो, तं म्हने, "दुसऱ्याच्या हातानं मी काय करू?"

डाक्टरनं सांगतलेले मयने सरले. एक दिवस भाऊनं उजव्या हातानंच मोबाईलमधून थे गानं काढून टाकलं. वयनी चुलीपाशी होती, तिनं पाह्यलं अन् लाकूड आत सारलं. मी म्हनलो, "भाऊ, कपाटावर काही लावू काय?"

"बातम्या लाव."

तवापासून रोज मोबाईलच्या रेडिओवरून कपाटात बातम्या लागतात. कापसाचा भाव सांगनारी बाई लयच भारी आवाजात सांगते. डब्याचं बटन कमी करा लागते, पन तिन्हीतलं कोनतं, थे मले मालूम नाई. भाऊनं मिस्त्रीले फिरवताना पाह्यलं होतं, त्याले मालूम हाय. थो सांगत नाई.