उंची विचारणारा स्काउट

मंडळी, आज डोकं फिरलंय.

आमची सई इथे न्युरेम्बर्गला ज्युनिअर आइस हॉकीत डिफेन्सला खेळते. आज एका मोठ्या क्लबचा स्काउट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारा माणूस, तिला बघायला आला होता. मॅचभर साहेब मोबाइलमध्ये. सईने बर्फावर आडवं पडून गोल अडवला, तेव्हा हे हातातल्या ब्रेट्झेलवरचं, त्या इथल्या खाऱ्या पावावरचं, मीठ झटकत होते!

मॅच संपल्यावर आम्हा नवराबायकोला खालपासून वरपर्यंत न्याहाळून विचारतो, "आल्झो, म्हणजे बरं का, तुमची उंची किती?" आम्ही पडलो बुटके. लगेच निकाल: "मुलगी फार वाढणार नाही. पोटेन्शियल कमी आहे."

कांदेपोह्यांच्या वेळी मलाही प्रत्येकाने उंचीच विचारली होती. पण त्यांनी निदान समोर बसलेल्या मुलीकडे बघितलं तरी होतं.

या दीडशहाण्याने सईला बघितलं कधी?