आईचा आहारतक्ता

वडिलांच्या तेराव्याला आमच्या उदगीरच्या घरी जितके लोक रडायला आले, जवळपास तितकेच आईला काय खाऊ घालावं हे सांगायला आले. मामांचा साखरेचा आजार जुना. बुंदीचा तिसरा लाडू उचलत त्यांनी मला कारल्याच्या रसाचं महत्त्व समजावलं. मावशीने आईचं मीठ बंद करायला सांगितलं आणि जाताना लोणच्याची बरणी मागून नेली.

मी शिकलेली, त्यामुळे माझा मूर्खपणा छापील होता. आईला नांदेडला घेऊन आले, एका आहारतज्ज्ञ बाईंकडून तक्ता करून घेतला आणि फ्रिजवर चिकटवला. आठला ओट्स, अकराला फळ, एकला पातळ वरण आणि कोशिंबीर. जन्मभर ज्वारीवर राहिलेल्या बाईपुढे मी रोज सकाळी खळ शिजवून ठेवत होते. ती चमचा फिरवायची आणि म्हणायची, मागून खाते. ते 'मागून' काही यायचं नाही. महिन्याभरात तिचे झंपर खांद्यावरून घसरायला लागले. मी बाईंना फोन केला. त्यांनी एक पावडर वाढवून दिली.

एका दुपारी मी माझ्यासाठी भाकरी आणि शेपूची भाजी घेऊन बसले होते. अर्धं जेवण झालं आणि कुणाचा तरी सांत्वनाचा फोन आला, म्हणून उठले. परत येऊन बघते तर आई माझं ताट ओढून उरलेली भाकरी खात होती. उष्टं कशाला, गरम करून देते, असं मी म्हणाले.

"पन्नास वर्षं तुझ्या बापाच्या मागून, त्यांच्याच ताटात जेवले," ती म्हणाली. "कोरं ताट पुढं आलं की घासच उतरत न्हाई, बाई."

याच रिवाजाविरुद्ध कॉलेजात भाषण करून मी पहिलं बक्षीस घेतलं होतं. श्रोत्यांत आई होती. तिनेही टाळ्या वाजवल्या होत्या.

आता एकच्या सुमारास मी दोघींना पुरेल असं ताट वाढून घेते, निम्मं जेवते आणि न वाजलेला फोन घ्यायला बाहेरच्या खोलीत जाते. आहारतज्ज्ञ बाईंना हे कळवलेलं नाही. त्यांच्या तक्त्यात उष्ट्याचा रकाना नाही. मला वाटत होतं, आईच्याही लक्षात आलेलं नाही. परवा मी फोन कानाला लावून उठले, तर ती मागून म्हणाली,

"उद्यापासून दही जरा जास्त उरव."