संत्र्याच्या सालीवरचा बोकड

तुमचे धाकटे आजोबा, म्हणजे माझे दीर, मला कधीच आवडले नाहीत. मोठ्यांच्या भांडणात मुलांना ओढू नये म्हणतात, पण तुम्ही आता मोठे झालात, आणि फोनवर ते तुम्हाला त्यांची बाजू सांगतातच. म्हणून ही माझी.

सक्करदऱ्यातल्या आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे. वाडीच्या गोदामातली नोकरी संपल्यावर त्यांनी मागच्या अंगणात बकऱ्या पाळल्या. बकऱ्या मी सहन केल्या. मग माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली निळे ड्रम आले.

ज्यूसच्या गाड्यांवरून ते संत्र्यांच्या पिळलेल्या साली पोत्यात भरून आणत. त्यात तुरीचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, काळा गूळ आणि मीठ मिसळायचं, ड्रममध्ये ठासून हवा काढायची, झाकण घट्ट लावायचं आणि आंबायला सोडून द्यायचं. काही आठवड्यांनी झाकण उघडलं की बकऱ्या नाचायच्या आणि माझ्या वाळत घातलेल्या साड्यांना आंबूस वास यायचा.

"भाऊजी, हे ड्रम हलवा."

"काहून जी, वहिनी? तुमच्या लोणच्याचा वास चालते, बकरीच्या लोणच्याचा नाही चालत?"

"मी माझं लोणचं तुमच्या खिडकीखाली ठेवत नाही."

"एकदा मटण खाऊन पाहा, मंग बोला. लोण्यासारखं मऊ होते. बोकडाचा वासही मारत नाही."

मी इंग्रजीतून रसायनशास्त्र शिकले आहे आणि नोकरीभर तेच शिकवलं. नुसत्या बढाईवर मी गप्प बसणार नव्हते. एका बकरीला नुकतेच जुळे बोकड झाले होते. मी म्हटलं, एकाला ड्रममधला चारा द्या, दुसऱ्याला नुसतं कोरडं कुटार आणि पाला. दोघं एकाच सकाळी खाटकाकडे न्या. दोघांच्या मांडीचं मटण दोन भांड्यांत सारखा वेळ शिजू दे, फक्त हळद आणि मीठ घालून. कोणतं कोणाचं ते मला सांगायचं नाही. ड्रमवाल्याचं मटण मला ओळखता आलं नाही, तर ड्रम जातील. आलं, तर मी पुन्हा एक शब्द बोलणार नाही.

"मंजूर," ते म्हणाले. पुढचे कित्येक महिने मी भिंतीवरून डोकावले की ते ओरडायचे, "आली वं, सीआयडी आली!"

शेवटी तो दिवस आला. जावेच्या माहेरची माणसं जेवायला होती. कोणतं भांडं कोणाचं हे फक्त जावेला माहीत होतं. हळद-मीठ पडेपर्यंत मी चुलीपाशी उभी होते. तेवढ्यात तुमचा फोन आला म्हणून मी घरी गेले. परत येते तर दोन्ही भांड्यांवर लालभडक तर्री तरंगत होती.

"हे काय केलंस?"

"पाहुणे बसले आहेत, बाई. पिवळं पाणी वाढू काय त्यायले? धंतोलीच्या दवाखान्यातल्या पेशंटचा डब्बा हाये काय?"

"आपलं ठरलं होतं!"

"तुमचं ठरलं होतं. आपण विणकर, झणझणीत मटणासाठी नावाजलेले. आपल्याच घरात बिनमसाल्याचं मटण वाढलं, तर माझे भाऊ जन्मभर हसतीन मले."

दीर पोट धरून हसत होते. "सांगा आता मॅडम, कोणता बोकड पास झाला?"

परीक्षा रद्द, ड्रम उद्याच जातील, असं मी सांगून टाकलं. ते म्हणाले, रद्द तर रद्द, पण मग ड्रमही तिथेच. पाहुणे भाकरी हातात धरून आमच्याकडे बघत होते. उठून गेले असते तर घाबरून पळाली म्हणाले असते. मी पानावर बसले.

दोन्ही भांड्यांतून लवंग, मिरे आणि तिखट याशिवाय कशाचीच चव लागेना. नाक वाहायला लागलं, तिथे बोकडाचा वास कसला कळणार? पण मला वर-खाली दोन्हीकडे कवळी आहे. डाव्या भांड्यातली फोड तिने चावायच्या आधीच सुटली. उजवीकडची मी चावत राहिले, जबडा दुखला, आणि शेवटी ती ताटाच्या कडेला काढून ठेवली. मी दोन्हीतल्या आणखी फोडी खाऊन पाहिल्या. तेच. मसाल्याने चव झाकली होती, चिवटपणा झाकता आला नव्हता.

कळत नाही एवढं म्हटलं असतं तर ड्रम गेले असते.

"वासाचं मी काही सांगणार नाही, तो तुझ्या मसाल्याने मारला," मी जावेला म्हटलं. "पण डावीकडचं मऊ आहे. बरंच मऊ. ड्रमवाला तोच."

"तोच हाये," ती म्हणाली.

दीरांनी आभार मानले नाहीत. "वहिनी हरल्या!" असं ते गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडले.

ड्रम अजून तिथेच आहेत. शब्द दिला होता, म्हणून मी बोलत नाही, खिडकी लावून घेते. बोकड कापला की ते मुद्दाम डबाभर मटण पाठवतात. मी ते खाते, कारण मला चावता येतं. आपल्याकडे आलेलं भांडं कोणी रिकामं परत पाठवत नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मी डबा घासते, पुसते आणि रिकामा पाठवते.