फाइलीच्या दोन सीटा

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला आजही नक्की सांगता येत नाही, आणि अक्षर असं की किराण्याची यादी दुकानदार मलाच वाचून दाखवायला सांगतो. तेव्हा हे पान चुकून कोणाच्या हाती पडलंच, तर वेलांट्यांकडे कानाडोळा करावा. पण एक गोष्ट मी अगदी खात्रीने लिहिते. एक फाइल आमच्या पाम गावाहून बोईसरला पोचवायला आमच्या भावोजींनी जेवढा घाम गाळला, तेवढा कुणी लेकीला सासरी पोचवतानाही गाळला नसेल.

भावोजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. आमच्या मागच्याच आळीत राहतात. ते बोईसरला एका कारखान्यात कामाला होते. कारखान्याने एक जुना कॉम्प्युटर भंगारात काढला, तो त्यांनी मागून घेतला आणि त्या दिवसापासून घरात एक माणूस वाढलं. रात्री त्याच्यावर गोधडी घालायची, ओल्या केसांनी कोणी जवळ जायचं नाही, बोंबील तळताना मधलं दार लावायचं. "त्याला वास सोसत नाय," असं ते सांगायचे, तेव्हा नणंदबाई चुलीपाशी खोकत म्हणायच्या, "माझा खोकला तुमाला कदी ऐकू आला नाय, पण मशीनचं नाक बरं दिसलं!" पेन ड्राइव्ह ते काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचे. माझ्या लेकीने त्यांना एकदा शिकवलं होतं की तो काढण्याआधी कॉम्प्युटरला कळवायचं असतं. ती म्हणत होती बटण दाबायचं, पण भावोजी मोठ्याने सांगायचे, "काढतो रे बाबा, निगतो आता," आणि त्याने ऐकलं असेल म्हणून थोडं थांबून मग काढायचे. फोनवरून काही पाठवण्यावर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. "वाटेत टावरला चिकटून ऱ्हायलं तर कोन काढाया जाईल?" असं ते विचारायचे.

लेक बारावीला असताना तिला कॉलेजात एक प्रकल्प द्यायचा होता. विषय होता आमच्या किनाऱ्यावरची सुकी मासळी. माहिती तिने मलाच विचारली, आणि भावोजींच्या कॉम्प्युटरवर बसून सगळं मराठीत टाइप केलं. छापील प्रत शनिवारी दुपारी कॉलेजचं ऑफिस बंद व्हायच्या आत दिली नाही तर निकाल अडणार, असं मॅडमनी बजावलं होतं. भावोजींकडे प्रिंटरही होता, पण तो कधीच बंद पडलेला आणि त्याच्यावर लोणच्याची बरणी बसलेली. म्हणून शुक्रवारी कामावर जाता जाता भावोजी पेन ड्राइव्ह घेऊन बोईसरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले, आणि संध्याकाळी पडक्या चेहऱ्याने परत आले. हातात एक कागद होता. त्यावर नुसते कंस, टक्के, प्रश्नचिन्हं आणि इंग्रजी अक्षरं. मला इंग्रजी येत नाही म्हणून मी लेकीकडे पाहिलं, तर ती म्हणाली, "आई, हे इंग्रजीपण नाही."

भावोजींनी कारण शोधून ठेवलं होतं. "बोईसरला गेली ना, तितलं पानी लागलं तिला. आपली पोरं नाय का, दोन महिने कंपनीत गेली का हिंदी बोलाया लागतात? ही तर फाइल हाय." मग म्हणाले, "दुकानवाल्यानं फोटो मागितलेत." आणि त्यांनी स्वतःचे दोन, लेकीचे दोन असे पासपोर्ट फोटो काढून ठेवले. माझा मागितला तेव्हा मी पदर पुढे ओढला. शनिवारी सकाळी रजा टाकून ते फोटो घेऊन पुन्हा दुकानात गेले. दुकानवाला कपाळाला हात लावून म्हणाला, "अंकल, फोटो नहीं, फॉन्ट! फॉन्ट लेके आओ!"

घरी आल्यावर लेकीने समजावलं की फॉन्ट म्हणजे अक्षराचं वळण. ते आपल्या कॉम्प्युटरात आहे, दुकानातल्या कॉम्प्युटरात नाही. भावोजी खाटेवर बसले आणि त्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. "म्हंजे पोरगी धाडली आन् रुखवत घरीच ऱ्हायलं!" लेक म्हणत होती, "काका, फॉन्टची पण एक फाइलच असते, ती शोधून पेन ड्राइव्हवर..." पण भावोजी तोवर गोधडी घेऊन उठले होते. "शोधाया वेळ कुटं हाय? अख्खं माहेरच नेतो."

रिक्षाच्या थांब्यापर्यंत कॉम्प्युटरचा पडदा त्यांनी गोधडीत गुंडाळून छातीशी धरला होता, डबा लेकीने, कीबोर्ड नणंदबाईंच्या भाजीच्या पिशवीत, आणि माझ्या हातात माउस. मी चारचौघांत मान वर करून चालत नाही, आणि त्या दिवशी भावोजी अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडत होते, "वैनी, शेपूट लोंबतंय, शेपूट धरा!" मागून नणंदबाई दारातून ओरडल्या, "त्याला घेऊन जाताय, मला कदी शिनेमाला नेलं नाय!"

शेअर रिक्षावाल्याने गोधडीतलं बोचकं पाहिलं. "ये क्या है?"

"फाइल हाय," भावोजी म्हणाले.

"इतना बडा फाइल? दो सीट का भाडा लगेगा."

भावोजींनी घासाघीस केली नाही. एरवी ते कोथिंबिरीच्या जुडीवरून बाजार हलवणारे. त्यांनी आमच्या तिघांचं भाडं दिलं आणि वर दोन सीटांचं वेगळं मोजून दिलं. मी संकोचाने म्हटलं, "भावोजी, आमी देतो." ते म्हणाले, "आपल्या तिगांचं माज्याकडून. फाइलीचं भाडं पोरीच्या नावावर. कमवाया लागली का घेईन." खड्डा आला की ते बोचक्याला सांगायचे, "खड्डा हाय रे."

दुकानवाला आमची वरात पाहून उभाच राहिला. त्याने बिचाऱ्याने जागा करून दिली, वायरी जोडल्या, आणि भावोजींच्या पेन ड्राइव्हवर तो फॉन्ट उतरवून घेतला. चहा येईपर्यंत काम झालंसुद्धा. सगळं माहेर आणलं होतं, आणि रुखवत निघालं कुंकवाच्या करंड्याएवढं. भावोजी मात्र नाराज नव्हते. "बघा, जातीनं आलो म्हनून झालं," असं त्यांनी दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. कागद गरम गरम बाहेर आले, मराठीत आले, आणि लेक ते घेऊन कॉलेजकडे पळाली.

ऑफिसचं शटर अर्धं खाली आलं होतं, त्याखालून वाकून तिने ते दिले. मॅडमनी पहिलं पान उलटलं आणि त्यांना हसू आवरेना. एवढ्या ओढाताणीत काही वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या होत्या. लेकीने लिहिलं होतं, 'माझी आई बोंबील वाळवते.' छापून आलं होतं, 'माझी आई बोंबली वाळवते.' परत येऊन तिने हे सांगितलं तेव्हा भावोजी रस्त्यातच बोचकं कवटाळून हसले. "वैनी, तुमी जन्मात कदी बोंबल्या नाय, फाइलीनं बोंबलवलं!" मीही हसले, तोंडावर पदर न घेता. कॉम्प्युटरलाही वेलांटी चुकते हे कळल्यापासून मला लिहायची भीती थोडी कमी वाटते.

मार्क चांगले मिळाले. आता लेक पालघरला एका ऑफिसात आहे. बसल्या जागी बोट लावते आणि तिचे कागद कुठच्या कुठे जातात, वाटेत टावरला काही चिकटत नाही. भावोजी निवृत्त झाले. त्यांचा कॉम्प्युटर सुरू होत नाही, पण गोधडी रोज रात्री पडते. पेन ड्राइव्ह अजून गळ्यात आहे, कोणी काही न्यायला सांगत नाही एवढंच.

पहिला पगार झाला तेव्हा लेक पेढे घेऊन त्यांच्याकडे गेली. मी बरोबर होते. पाया पडून तिने पैसे पुढे धरले. "काका, फाइलीचं भाडं. दोन सीटांचं."

भावोजींनी नाही म्हटलं नाही. घेतले, मोजले, बरोबर भरले. मग बराच वेळ ते नोटांच्या घड्या घालत राहिले.

"फिटलं म्हनायचं सगळं," ते म्हणाले. "म्हंजे आता काय न्यायचं बाकी नाय?"

एरवी नणंदबाईंनी टोमणा मारला असता. त्यांनी पेढा फोडला आणि मोठा तुकडा भावोजींच्या हातावर ठेवला.