माझ्यावर झालेला आमचा गोल

आइस हॉकीच्या संघात माझी निवड झाली ती मंदीमुळे. हे मी विनय म्हणून सांगत नाही. संघात मुली उरल्या असत्या तर मला कुणी बर्फावर उभंही राहू दिलं नसतं.

दुबईतल्या एका मॉलमध्ये बर्फाचा रिंक होता आणि तिथे मुलींचा एक संघ खेळायचा. कॅनडा, फिनलंड, स्वीडन असल्या गारठ्याच्या देशांतून नोकरीसाठी आलेल्या लोकांच्या मुली. चालायच्या आधी स्केटिंग शिकलेल्या. मग दोन हजार आठची मंदी आली. बांधकामं थांबली, क्रेन जिथल्या तिथे उभ्या राहिल्या आणि या मुलींचे वडील एकेक करून मायदेशी परतायला लागले. शाळेत दर आठवड्याला कुणीतरी केक कापून निरोप घ्यायचं. वर्षभरात संघ निम्म्यावर आला. आणि नेमकी पुढच्या हिवाळ्यात आमच्याच रिंकवर मुलींची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरणार होती. यजमानांचाच संघ नाही म्हणजे लग्नघरात नवरी नाही, अशी गत.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते. दर शुक्रवारी त्या रिंकवर नवशिक्यांच्या वर्गाला जायचे आणि बहुतेक वेळ कठड्याला धरून काढायचे. एकदा संघाची कोच माझ्यापाशी येऊन थांबली. कॅनडाची, ताडमाड उंच बाई.

"तुला स्केटिंग येतं?" तिने विचारलं.

"येतं."

"थांबता येतं?"

"समोर भिंत असेल तर येतं."

"गोलकीपर," ती म्हणाली. "राखीव."

संघात एक चांगली गोलकीपर होती. तिला काही झालं तर कुणीतरी असावं म्हणून मी. माझ्या आधीची राखीव मुलगी कॅनडाला परत गेली होती आणि तिचं सगळं सामान रिंकवरच टाकून गेली होती. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच होती. तिचे पॅड बांधले की मला गुडघे वाकवता यायचे नाहीत, आणि छातीवरचं चिलखत हनुवटीला लागायचं. सामान घरी आणलं तेव्हा आईने नाकाला पदर लावला. मग दोन बादल्यांत जंतुनाशक कालवून सगळं भिजत घातलं. त्यानंतर मी बर्फावर उतरले की मुली म्हणायच्या, हॉस्पिटलचा वास येतोय.

आम्ही शारजाला राहायचो. बाबा एका कंत्राटदार कंपनीत होते, ऑफिस जुमेरा लेक टॉवर्सला. रोज सकाळी ट्रॅफिकला शिव्या घालत जायचे. मंदी आल्यावर रस्त्यावरची गर्दी कमी झाली म्हणून ते आधी खूश झाले. दोन महिन्यांनी त्या कमी झालेल्या गर्दीत तेही होते. मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला, हबीबी म्हणून पाठीवर थाप मारली आणि खलास. आई एका शाळेत गणित शिकवायची, त्यावर घर चालू राहिलं.

सकाळी अर्ज पाठवून झाले की बाबांना दिवसभर दुसरं काम नसायचं. म्हणून त्यांनी मला घडवायला घेतलं. आइस हॉकी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. पण पुण्यात टेनिस बॉल क्रिकेटचे कप्तान होते आणि तेवढं त्यांना पुरेसं वाटत होतं. "बॅट आणि पॅडमध्ये गॅप ठेवायची नाही," ते कठड्याबाहेरून ओरडायचे. "चेंडूवर नजर! शेवटपर्यंत नजर!"

"बाबा, इट्स अ पक. इट्स नॉट अ बॉल," मी जाळीच्या मुखवट्यातून सांगायचे. आई-बाबा मराठीत बोलायचे, मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. आमच्या घरची तीच रीत होती.

"काही असो. रबरच आहे ना? तू नजर ठेव."

मी नजर ठेवायचे. ती काळी चकती येताना मला अगदी स्पष्ट दिसायची, आणि आत जातानाही स्पष्ट दिसायची. मधलं काही जमायचं नाही.

स्पर्धा सुरू झाली. पहिला सामना थायलंडशी. आई महाबळेश्वरला घेतलेला स्वेटर आणि कानटोपी घालून गॅलरीत बसली होती, शेजारी बाबा. दोन तृतीयांश खेळ होईपर्यंत आम्ही इतके मागे पडलो की कोचने आमच्या चांगल्या गोलकीपरला विश्रांती दिली आणि मला आत पाठवलं. काय झालं ते विस्ताराने सांगण्यात अर्थ नाही. शेवटी शेवटी थायलंडच्या मुलींनाच माझी दया आली. त्या गोलजवळ यायच्या आणि पुन्हा मागे वळून एकमेकींना पास द्यायला लागायच्या.

दुसरा सामनाही आम्ही हरलो. दोन सामन्यांत आमच्याकडून एकही गोल झाला नव्हता. तिसरा, शेवटचा सामना कझाकस्तानशी होता, आणि तो संघ सगळ्यांना धूळ चारत आला होता. आम्हाला जिंकायची आशा नव्हती. ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांचं एकच मागणं होतं, एक तरी गोल होऊ दे. आमच्यातली सर्वांत धाकटी, एका लेबनीज दातांच्या डॉक्टरची मुलगी, हे इतकं कळवळून म्हणाली की मीसुद्धा मनात गणपतीला सांगून ठेवलं.

सामन्याआधी कोच आत आली. चेहरा विचित्र झालेला.

"त्यांच्या गोलकीपरचा पाय मुरगळलाय," ती म्हणाली. कझाकस्तानच्या मुली आदल्या दिवशी समुद्र बघायला गेल्या होत्या. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला होता, आणि त्या आनंदात लाटांमधून धावताना ती पडली होती. "त्यांच्याकडे दुसरी नाही. आयोजकांनी विचारलंय, आपण एक उसनी देऊ का."

मग सगळ्या मुलींनी एकदम माझ्याकडे पाहिलं. इतकी चमक मी त्यांच्या डोळ्यांत स्पर्धेत प्रथमच पाहत होते.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्यांच्या जागी मी असते तर मीही असंच बघितलं असतं.

कझाकस्तानच्या खोलीत गेले तेव्हा तिथल्या मुलींना इंग्रजी येत नव्हतं आणि मला ना कझाक येत होतं ना रशियन. त्यांच्या कप्तानने मला त्यांची निळी जर्सी दिली, माझे सैल पॅड पाहून च् च् केलं आणि गुडघे टेकून स्वतः ते नीट आवळून बांधले. पहिल्यांदाच मला गुडघे वाकवता आले. मग एकेक मुलगी पुढे आली आणि माझ्या पॅडवर हॉकी स्टिकने टकटक करून गेली. माझ्या स्वतःच्या संघात माझ्यासाठी असं कुणी केलं नव्हतं. मी ठरवलं, जीव गेला तरी चालेल, पण या मुलींसाठी गोल वाचवायचा.

आता गंमत अशी, की त्या संघाला गोलकीपरची गरज नव्हतीच. सगळा खेळ समोरच्या बाजूला, आमच्या, म्हणजे खऱ्या आमच्या, गोलपाशी चालला होता. मी रिकाम्या बर्फावर एकटी उभी. गॅलरीत बाबा माझ्यासाठी टाळ्या वाजवायचे, मग आपण परक्या संघाला टाळ्या वाजवतोय हे लक्षात येऊन थांबायचे, आणि मग आपली मुलगी तिकडे आहे हे आठवून पुन्हा वाजवायचे. आई त्यांचा हात धरून खाली ओढत होती.

शेवटच्या भागात कधीतरी चकती सुटली. कुणाच्या तरी स्टिकला लागून थेट माझ्या दिशेने आली आणि तिच्यामागे, सगळ्यांच्या पुढे, ती लेबनीज पोरगी. एकटीच. मला तिचं उघडं तोंड आणि दातांवरची तार दिसली. मी पुढे सरकले, गुडघे मिटले, स्टिक बर्फावर टेकवली. बॅट आणि पॅडमध्ये गॅप ठेवली नाही. सगळं शिकवल्यासारखं केलं. तिने मारलं, तेही धड लागलं नाही. चकती उडायच्या ऐवजी घरंगळत आली, इतकी सावकाश की तिच्यावरचा शिक्काही वाचता आला असता. मी उडी घेतली. उडी लवकर झाली. मी बर्फावर आडवी पडलेली असताना चकती माझ्या नाकासमोरून शांतपणे गेली आणि रेषेच्या पलीकडे जाऊन थांबली.

गोल.

पोरीने अशी किंकाळी फोडली की मॉलमधले लोक काचेपाशी गोळा झाले. आमच्या मुली तिच्यावर तुटून पडल्या. आणि मी काय केलं? उठून उभी राहिले, दोन्ही हात वर केले आणि "येस!" म्हणून ओरडले. निळ्या जर्सीत. पंचाने माझ्याकडे वळून पाहिलं तेव्हा कुठे मला कळलं, आणि मी हात हळूहळू खाली आणले.

निळ्या संघाची कप्तान माझ्याकडे येत होती. आता ही मला फटकावणार, याची मला खात्री होती. ती समोर थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि हसायलाच लागली. हेल्मेटवर टपली मारून म्हणाली, "नॉर्मालना." चालायचंच, असा त्याचा अर्थ असावा. मग परत जाऊन तिने लागोपाठ दोन गोल केले.

सामना त्यांनी जिंकला, म्हणजे आम्ही जिंकलो; आणि आम्ही हरलोही. पण आमच्या मुली हरल्यासारख्या दिसतच नव्हत्या. बर्फाबाहेर आल्यावर त्या धाकटीने मला घट्ट मिठी मारली. "यू लेट मी हॅव इट," ती रडत रडत म्हणाली. बाकीच्यांनीही माझ्या पाठीवर थापा मारल्या. कोच मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "तुझं मन मोठं आहे. पण पुन्हा असं करू नकोस. खेळात प्रामाणिक राहावं."

मी तोंड उघडलं. मी जिवाचं रान करून तो अडवायचा प्रयत्न केला होता, हे सांगायला. पण सांगून काय सिद्ध झालं असतं? मोठ्या मनाची म्हणवून घ्यायची संधी होती, ती सोडून मी अडाणी म्हणून कशाला मिरवू? मी मान खाली घातली. ते तिला फारच भावलं.

गाडी शारजाच्या रस्त्याला लागली. मग बाबांनी विचारलं, "खरं सांग. तू मुद्दाम सोडलास?"

"नो, बाबा. आय रिअली ट्राइड." मग इंग्रजीत ते पुरेसं खरं वाटलं नाही म्हणून मी मराठीत म्हटलं, "खूप प्रयत्न केला. तरी गेला."

बाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "तरी गेला ना?" ते म्हणाले. "मग काही हरकत नाही. मुद्दाम सोडला असतास तर मला राग आला असता." त्या सकाळीही त्यांच्या एका अर्जाला नकार आला होता, हे आईने मला नंतर सांगितलं. त्यांनी गिअर बदलला आणि जरा वेळाने म्हणाले, "उडी मात्र घाईची झाली."

"अहो, पुरे," आई म्हणाली. तिने अजून कानटोपी काढली नव्हती.

आमच्या मजल्यावर रत्नागिरीच्या एक चाची राहायच्या. त्यांचं दार उघडंच होतं. सामान ओढत मी पुढे जात होते, तेवढ्यात त्यांनी हटकलं. "काय गो, जिंकलात की नाय?"

"जिंकलो," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

"आणि गोल?"

"एक झाला."

"या अल्ला!" चाचींनी घरात तोंड करून हाक दिली, "ऐकलात काय, शेजारच्या पोरीने गोल केलान!" आणि मी पुढचं बोलायच्या आत त्या स्वयंपाकघरात गेल्यासुद्धा. बाहेर आल्या त्या बशीभर सांदणं घेऊन. "चाची, ॲक्च्युअली," मी सुरुवात केली. आई मागून हलकेच खोकली. चाची म्हणाल्या, "आधी खा गो, मग सांग."

मी पहिलं खाल्लं आणि सांगायला तोंड उघडलं. मग दुसरं खाल्लं. दिवसभर पोटात काही नव्हतं, आणि तिसऱ्यानंतर विषय निघालाच नाही.